वाढत्या मुलांचा बिघडलेला चावा : अलायनर, ट्विन ब्लॉक की थांबायचं?

ओसरी | १४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. माझा मुलगा साडेअकरा वर्षांचा, यंदा सहावीत गेला. वरचे पटाशीचे दात पुढे आहेत हे लहानपणापासून दिसत होतं. मोठा झाला की बसतील जागेवर, असं घरात सगळेच म्हणायचे, मीही म्हणायचे. मे महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना तो तोंडावर आपटला आणि वरच्या समोरच्या दाताचा कोपरा उडाला. दातांच्या डॉक्टरांनी तो भरून दिला. मग छोटी पट्टी घेऊन वरचे दात खालच्या दातांच्या किती पुढे आहेत ते मला मोजून दाखवलं. ९ मिमी. एरवी २-३ असतं. म्हणाले, "दात पुढे दिसतात खरे, पण याचा खालचा जबडा मागे राहिलाय."

त्या रात्री तो झोपल्यावर मी मोबाइलचा टॉर्च लावून बघत बसले. तोंड उघडं, आणि खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन अडकलेला. सकाळी ओठ खाली ओढून पाहिला तर आतल्या बाजूला दातांचे दोन वण. टाळूवरही, वरच्या दातांच्या मागे, खालच्या दातांच्या खुणा उमटलेल्या. अकरा वर्षं रोज घास भरवला, दात घासून दिले, आणि हे एकदाही माझ्या लक्षात आलं नाही.

तीन डॉक्टरांना दाखवलं, तीन मतं आली. पहिले म्हणाले, ट्विन ब्लॉक नावाची क्लिप आत्ता लावू, वर्षभराने तारा. दुसऱ्या मॅडमनी तोंडात स्कॅनर फिरवून संगणकावर सगळं दाखवलं. त्या म्हणाल्या, दोन्ही बाजूंना पंख असलेले पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे साचे देऊ, जबडाही पुढे येईल आणि दातही सरळ होतील. तिसरे म्हणाले, सगळे दुधाचे दात पडू देत, चौदाव्या वर्षी एकदाच काय ते करू.

आम्ही नाशिकला असतो. कुणी मुलांना या वयात अलायनर लावलेत का? जबडा खरंच पुढे येतो का? शाळेत कसं जमतं?

कोवळं_ऊन | १४ जून, रात्री ११:१५

तिसऱ्या डॉक्टरांचं पटतंय. माझ्या भाच्याला नववीत तारा लावल्या, दीड वर्षात दात एकदम छान झाले. दुधाचे दात असताना खर्च केला की पुन्हा मोठेपणी करावाच लागतो असं ऐकलंय.

मिरजमार्ग | १५ जून, दुपारी २:०५

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात आणि बिघडलेला चावा सुधारणारी दंतवैद्य आहे, १९ वर्षं हेच काम करते. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याला अमुकच लावा असं सांगणार नाही. पण तीन मतं ऐकून गोंधळ का होतो, ते सांगता येईल.

कोवळं_ऊन यांच्या भाच्याचे दात बहुधा वाकडे किंवा दाटीवाटीचे असतील. ते नववीत केलं तरी चालतं, पंचविशीत केलं तरी चालतं. चावा बिघडणं ही निराळी गोष्ट. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर नीट न बसणं म्हणजे चावा बिघडणं. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून चाव्याचे तीन वर्ग पाडले, तेच आम्ही आजही वापरतो. खालची दाढ आपल्या जागेच्या मागे असेल तर दुसरा वर्ग, पुढे असेल तर तिसरा. ओसरीताई, तुमचं वर्णन दुसऱ्या वर्गाचं वाटतंय.

आता यात दोष दातांचा की हाडाचा, हा खरा प्रश्न. दात कुठल्याही वयात सरकवता येतो. हाडाची वाढ मात्र ती चालू असतानाच वळवता येते. वाढ थांबल्यावर जबडा मागेच राहिला असेल तर दोन उपाय उरतात : दात झुकवून दोष झाकायचा, किंवा शस्त्रक्रिया. म्हणून "तारा लावू की अलायनर" याच्या आधी विचारायचं ते "याची वाढ कुठवर आलीय". वाढीचा जोर मुलींमध्ये साधारण ११-१२ व्या वर्षी असतो, मुलांमध्ये १३-१४ व्या. पण दाखल्यावरचं वय आणि हाडाचं वय यांत फरक पडतो. बाजूने काढलेल्या डोक्याच्या एक्स-रेमध्ये, ज्याला आम्ही सेफ म्हणतो, मानेचे मणके दिसतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याची खालची कड लहान वयात सपाट असते आणि वाढीबरोबर एकेक करून खोलगट होत जाते. दुसऱ्या-तिसऱ्याची कड खोलगट व्हायला लागली की जोराची वाढ जवळ आली असं समजायचं. तिन्ही डॉक्टरांपैकी कुणी सेफ काढला का?

तिसऱ्या डॉक्टरांचं मत चुकीचं नाही हेही सांगते. दात पुढे असलेल्या मुलांवर सात ते अकरा या वयात उपचार सुरू केले काय आणि किशोरवयात एकदाच केले काय, शेवटी चावा जवळपास सारखाच लागतो, असं चाचण्यांमधून दिसलंय. २०१८ सालच्या कॉक्रेन समीक्षेत, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, ते सगळं मांडलंय. पण त्याच समीक्षेत एक फरक ठळक दिसतो : लवकर उपचार केलेल्या मुलांच्या समोरच्या दातांना इजा कमी होते. दात ३ मिमीपेक्षा जास्त पुढे असतील तर पडल्या-आपटल्यावर इजा होण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो. तुमच्याकडे ९ मिमी आहे आणि एकदा दात तुटलाही आहे. खालचा ओठ मागे अडकत असेल तर तो वरच्या दातांना दिवसरात्र बाहेर ढकलतोय. मी तुमच्या जागी असते तर चौदाव्या वर्षापर्यंत थांबले नसते.

ट्विन ब्लॉकचा जन्मही अशाच अपघातातून झाला. १९७७ साली स्कॉटलंडमध्ये विल्यम क्लार्क यांच्याकडे त्यांच्या एका दंतवैद्य सहकाऱ्याचा मुलगा आला. पडून त्याचा वरचा पटाशीचा दात मुळासकट निघाला होता. दात परत बसवला, पण खालचा ओठ मागे अडकून त्याला ढकलत राहायचा. ओठ तिथून काढायचा तर खालचा जबडा पुढे आणायला हवा, म्हणून क्लार्क यांनी वर-खाली उतरते ठोकळे असलेल्या दोन प्लेट बनवल्या. तोंड मिटलं की खालचा ठोकळा वरच्याच्या उतारावरून घसरत पुढे येतो आणि जबड्याला सोबत आणतो.

अलायनरवरचे पंख हेच काम करतात. बाजूच्या दातांजवळ वर-खाली प्लास्टिकचे उभे पंख असतात. जबडा मागे ठेवून दात मिटायला गेलं की पंख पंखावर आदळतात, त्यामुळे मूल आपोआप जबडा पुढे घेऊन मिटतं. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, साधारण २-२ मिमी. फायदा असा की जबडा पुढे येत असतानाच दातही सरळ करता येतात आणि खालचे पुढचे दात बाहेर झुकण्यावर जास्त ताबा राहतो. तोटा असा की जेवताना काढावे लागतात, ट्विन ब्लॉक जेवतानाही ठेवता येतो. आणि दोन्हींच्या बाबतीत एक गोष्ट मी पालकांना तोंडावर सांगते : ९ मिमी कमी झाले म्हणजे ९ मिमी जबडा वाढला असं नसतं. त्यातला बराच भाग वरचे दात मागे आणि खालचे पुढे झाल्याने भरून निघतो. हाडाचा वाटा थोडा असतो. संगणकावरच्या चित्रात हनुवटी झपकन पुढे येताना दिसते, ते चित्र आहे.

ओसरी | १५ जून, रात्री ९:५०

डॉक्टर, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. सेफ कुणीच काढलेला नाही, फक्त ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे काढलाय. उद्याच विचारते. दात मुळासकट निघण्याचं वाचून अंगावर काटा आला. तसं झालं तर काय करायचं तेही सांगाल का?

मिरजमार्ग | १५ जून, रात्री १०:२०

कायमचा दात असेल तर मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. माती लागली असेल तर हलकेच धुवायचा, घासायचा नाही. जमलं तर लगेच त्याच जागी बसवून रुमाल चावायला द्यायचा. नाही जमलं तर थंड दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्य गाठायचा. कोरडा कागदात गुंडाळून नेऊ नका. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही. हे शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांनाही सांगून ठेवा.

निळाई | १६ जून, सकाळी ११:३०

आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण उपयोग होईल म्हणून लिहिते. लेक आठ वर्षांची, पुण्यात असतो. तिचा वरचा जबडा अरुंद होता. तोंड मिटताना एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत जायच्या, आणि त्यासाठी ती खालचा जबडा उजवीकडे सरकवून मिटायची. फोटोत हनुवटी कायम किंचित तिरकी. आम्हाला वाटायचं फोटोसाठी मान वाकडी करते! डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर जबडा त्या बाजूला वाढत जाईल, मग चेहऱ्याचा तिरकेपणा कायमचा होईल.

तिला आधी टाळूत स्क्रूचा विस्तारक चिकटवला. रोज रात्री छोटी किल्ली घालून एक वेढा, एका वेढ्याला पाव मिलिमीटर. पहिले चार दिवस माझेच हात थरथरायचे. ती खाटेवर आडवी, डोकं माझ्या मांडीवर, तोंड उघडं, आणि हे टॉर्च धरून उभे. किल्ली पुढून मागे पूर्ण ढकलायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी भोक सापडत नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी समोरच्या दोन दातांत एवढी फट पडली की सासूबाई घाबरल्या. डॉक्टर म्हणाले, फट पडली हे चांगलं लक्षण, टाळूचा मधला सांधा उघडतोय. फट नंतर आपोआप मिटत आली.

त्यानंतर पुढच्या दातांसाठी लहान मुलांचे अलायनर दिले. अडचण अशी की दुधाच्या दाढा बुटक्या असतात, त्यांच्यावर साचा पकड घेत नाही. म्हणून दातांवर दाताच्याच रंगाची बटणं चिकटवली. त्यातली एक दाढ चौथ्याच महिन्यात बटणासकट पडली! मग पुन्हा स्कॅन, पुन्हा नवे साचे, तीन आठवडे जुन्यावरच थांबलो. या वयात असं होणारच, हे आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही एवढे धास्तावलो नसतो.

मिरजमार्ग | १६ जून, दुपारी १:४०

निळाई, तुमच्या डॉक्टरांनी क्रम अगदी बरोबर ठेवला. जबडा सरकवून मिटणाऱ्या मुलांच्या बाबतीत मीही थांबत नाही. साधे अलायनर दातांची कमान थोडी रुंद करतात, पण मुख्यतः दात बाहेर झुकवून. टाळूचा सांधा उघडायला विस्तारकच लागतो. अलीकडे अलायनरसारखाच काढता-घालता येणारा, थ्रीडी छपाईचा विस्तारकही आलाय. त्यात किल्ली नाही, रोज एक नवा, किंचित रुंद साचा घालायचा. प्रत्येक मुलाला तो चालेलच असं नाही, पण किल्लीची भीती असलेल्या घरांसाठी विचारून बघायला हरकत नाही.

हडसनकाठ | १७ जून, पहाटे ५:१०

न्यू जर्सीहून लिहितोय. मुलगी तेरा वर्षांची, अलायनर लावून चौदा महिने झाले. तिचाही चावा दुसऱ्या वर्गाचा होता, पण थोडाच, म्हणून पंख नव्हते, रबरं होती. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत एकेक रबर, दोन्ही बाजूंना. जेवताना काढायचं, जेवल्यावर नवीन लावायचं.

आमचा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर सगळं काही तासांवर आहे. डॉक्टर २२ तास म्हणतात. म्हणजे नाश्ता, शाळेतलं जेवण, संध्याकाळचं खाणं, रात्रीचं जेवण आणि प्रत्येक वेळी दात घासणं हे सगळं मिळून दोन तास. आपल्याकडे आई-आजी दर तासाला काहीतरी हातावर ठेवतात, ते पूर्ण थांबवावं लागलं. माझी आई सुट्टीत आली तेव्हा तिला समजावणं सगळ्यात कठीण गेलं. "एक लाडू खाल्ल्याने काय होतंय" म्हणायची. एका लाडवाला पाऊण तास जातो, कारण खाल्ल्यावर ब्रश केल्याशिवाय साचा घालायचा नाही.

पहिल्या चार महिन्यांत लेकीने दिवसाला १५-१६ तासच घातले होते, आम्हाला कळलंच नाही. सातव्या साच्यानंतर एक सुळा साच्यात बसेना, दाताच्या टोकाशी रिकामी पोकळी दिसायला लागली. पुन्हा स्कॅन, नवे साचे, पाच महिने वाढले. त्यानंतर तिनेच वहीत तास लिहायला सुरुवात केली. आम्ही रागावणं बंद केलं आणि वही तिच्याकडेच ठेवली. तेव्हापासून गाडी रुळावर आहे.

आणखी एक. डॉक्टरांशिवाय घरपोच साचे मागवायच्या भानगडीत कुणी पडू नका. इथली स्माइलडायरेक्टक्लब ही त्यातली मोठी कंपनी डिसेंबर २०२३मध्ये अचानक बंद झाली आणि उपचार अर्ध्यावर असलेले लोक तसेच राहिले. वाढत्या मुलाच्या जबड्याचा एक्स-रे न बघता नुसत्या ठशावरून साचे कसे करणार?

रानजाई | १८ जून, रात्री ८:३०

कोल्हापूरहून. इथे सगळे पुढे आलेल्या दातांबद्दल लिहिताहेत, मी उलट्या चाव्याबद्दल लिहिते. आमच्या घरात खालचा जबडा पुढे असणं पिढीजात आहे. सासरे, दीर, माझे यजमान, सगळ्यांची हनुवटी तशीच.

मुलगा सात वर्षांचा असताना त्याचे वरचे नवे दात खालच्यांच्या मागे आले. दाखवलं तर "लहान आहे, बघू" असं सांगण्यात आलं. बारा-तेराव्या वर्षी पुन्हा दाखवलं तर म्हणाले, वरच्या जबड्यासाठी आता उशीर झाला. पंधराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढली आणि तिच्यासोबत खालचा जबडाही. आज तो १९ वर्षांचा आहे, फोटो काढू देत नाही, वडापाव समोरच्या दातांनी तोडता येत नाही. शस्त्रक्रियेचं ठरलंय. अजून बोलताना तोंडावर हात धरतो.

धाकटी सात वर्षांची. तिचा चावाही तसाच लागताना दिसला तेव्हा मी एक दिवस दवडला नाही. तिला टाळूत विस्तारक आणि बाहेरून चेहऱ्यावरचा फेसमास्क दिलाय. कपाळाला आणि हनुवटीला टेकणारी चौकट, तिच्यापासून रबरं तोंडातल्या हुकांना. वरचा जबडा पुढे ओढला जातो. शाळेतून आली की लावते ती सकाळपर्यंत, रोज १३-१४ तास. मी विचारलं होतं, याऐवजी अलायनर नाही का चालणार, दिसायला तरी बरं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या मुलीला आत्ता नाही. घरी लहान मुलं असतील तर ऐका, उलटा चावा दिसला की थांबू नका.

मिरजमार्ग | १८ जून, रात्री ९:४५

रानजाई, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि लेकीसाठी वेळेवर उभ्या राहिलात याचं समाधानही. अलायनरला रबरं लावून तिसऱ्या वर्गाचा चावा काही प्रमाणात सुधारता येतो, पण तिथे प्रामुख्याने दात हलतात. लहान वयात वरचा जबडा पुढे आणायला फेसमास्कच लागतो आणि तो दहाव्या वर्षाच्या आत चांगलं काम करतो. एक मात्र मनात तयार ठेवा. खालच्या जबड्याची वाढ बरीच उशिरापर्यंत चालते, तिला लगाम घालणारं साधन आमच्याकडे नाही. त्यामुळे लेकीला वाढ पूर्ण होईपर्यंत दरवर्षी दाखवत राहा. फेसमास्कने शस्त्रक्रिया टळेलच असं मी सांगू शकत नाही, पण टळण्याची शक्यता नक्की वाढते.

मुलाची शस्त्रक्रिया वाढ थांबल्याची खात्री करूनच होईल. त्यानंतर चावता येणं आणि चेहरा या दोन्हींत मोठा फरक पडतो. त्याला हे माझ्याकडून सांगा.

पाणपोई | १९ जून, सकाळी ७:५५

माझी मुलगी पाच वर्षांची आहे, अजून अंगठा चोखते. पुढचे दात मिटत नाहीत, मधून जीभ दिसते. तिला अलायनर लागतील का? आणि खर्च परवडणारा नसेल तर काय करायचं? आम्हाला अलायनरसाठी सांगितलेला आकडा तारांच्या जवळपास अडीचपट होता.

मिरजमार्ग | १९ जून, दुपारी १२:३०

पाच वर्षांच्या मुलीला आत्ता काहीही लावायचं नाही. अंगठा सोडवायचा, तोही प्रेमाने. कायमचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात, त्याआधी सवय सुटली तर ही फट पुष्कळदा आपली आपण भरून येते. ती तोंडाने श्वास घेते का, घोरते का, तेवढं बघा. तसं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ॲडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेले असतील आणि नाक बंद असेल तर आम्ही दात कितीही मिटवले तरी ते पुन्हा उघडतात.

खर्चाचं म्हणाल तर वाढत्या मुलाचा चावा सुधारायला अलायनरच हवेत असं अजिबात नाही. ट्विन ब्लॉक, विस्तारक, फेसमास्क ही साधनं स्वस्त आहेत आणि वर्षानुवर्षांची पारखलेली आहेत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्सचे विभाग आहेत. तिथे खर्च खाजगीच्या मानाने फार कमी येतो. फेऱ्या जास्त होतात, थांबावं लागतं, पण एमडीएसचे (दंतवैद्यकातले पदव्युत्तर) विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली मन लावून काम करतात. मी स्वतः तशाच विभागात शिकले. पैशांसाठी वाढीची वर्षं वाया घालवू नका, साधन बदला.

ओसरी | २ जुलै, रात्री १०:१५

सेफ काढला. दुसऱ्या मणक्याची कड खोलगट झालीय, तिसऱ्याची नुकती व्हायला लागलीय. म्हणजे वर्षभरात जोराची वाढ अपेक्षित आहे. आधीच्या तीनपैकी पहिले आणि दुसऱ्या मॅडम, दोघांनाही तो दाखवला. दोघंही म्हणाले, आत्ताच सुरू करा.

निर्णय लेकावर सोपवला. दोन्ही साधनं टेबलावर ठेवून मॅडमनी त्याला हातात घेऊ दिली. ट्विन ब्लॉकने बोलणं सुरुवातीला जास्त अडखळतं असं त्या म्हणाल्या. तो शाळेच्या कथाकथन स्पर्धेत असतो, त्याने अलायनर उचलले. "बावीस तास मी घालीन, पण तू सारखं विचारायचं नाहीस," एवढीच त्याची अट. पहिले काही साचे बिनपंखांचे आहेत, चावा खोल आहे तो आधी थोडा उघडायचा म्हणून.

ओसरी | २३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

आज जे झालं ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. डबा खाताना त्याने साचे काढून टिशूत गुंडाळून डब्याच्या झाकणावर ठेवले. मधली सुट्टी संपली, झाकणातला कचरा म्हणून मित्राने तो टिशू उचलून टाकून दिला. मला शाळेतून फोन आला तेव्हा पोराचा आवाज रडवेला होता. मी पोहोचेपर्यंत शाळेतल्या मावशींनी वर्गाचा कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला होता. पोळीचे तुकडे, पेन्सिलीचा भुगा, केळ्याची सालं. मावशी एकेक टिशू बोटांनी दाबून बघत होत्या. खालचा साचा सापडला, वरचा पायाखाली येऊन चिरला होता.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, सापडलेला आधी थंड पाण्याने स्वच्छ करा, वरचा मात्र आधीचाच घाला, नवीन येईपर्यंत दात मागे जाऊ द्यायचे नाहीत. नशिबाने आधीचे सगळे साचे मी एका डब्यात तारीख लिहून ठेवले होते. आता त्याच्या दप्तराच्या बाहेरच्या खणात दोरीने बांधलेली लाल डबी आहे. साचे तोंडात नाहीतर डबीत, तिसरी जागा नाही.

हडसनकाठ | २४ सप्टेंबर, पहाटे ४:५०

त्या मावशींना माझा नमस्कार सांगा. लाल डबी उत्तम, पारदर्शक डबी घेऊ नका, तीही हरवते. आणि साचे गरम पाण्याने कधीच धुवू नका. आमचा एक त्यानेच वाकडा झाला. मऊ ब्रश आणि थंड पाणी पुरतं.

निळाई | २४ सप्टेंबर, सकाळी १०:०५

साचा तोंडात असताना फक्त पाणी. चहा नाही, सरबत नाही, उसाचा रस तर नाहीच. गोड पाणी साच्यात अडकून दाताला चिकटून राहतं आणि कीड लागते. आमच्या लेकीच्या बटणांच्या कडा हळदीने पिवळ्या दिसतात, पण घासल्यावर कमी होतात.

ओसरी | १९ जानेवारी, रात्री ९:३५

सहा महिने झाले. पंखांचे साचे ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. पहिला आठवडा जबड्याचे स्नायू दुखले, 'स' आणि 'श' अडखळले. डिसेंबरच्या स्पर्धेत तो साचे घालूनच बोलला, मी शेवटच्या रांगेतून एकेक शब्द ऐकला.

आज मॅडमनी मोजलं, ९ चे ६ झालेत. मला आरशात त्याहून कमी वाटत होते. त्यांनी कारण दाखवलं : मुलाला जबडा पुढे धरून मिटायची सवय लागते, त्यामुळे काम झाल्यासारखं भासतं. त्यांनी त्याला मान मागे टेकवून बसवलं, जीभ टाळूला मागे लावायला सांगितली, हळूच मिटायला लावलं आणि मग मोजलं. खरा आकडा तो. अंतर कमी होण्यात दात झुकल्याचा वाटा आहे आणि वाढीचाही, किती कशाचा ते पुढच्या सेफमध्ये कळेल असं म्हणाल्या. खालचा ओठ आता दातांच्या मागे जात नाही. टाळूवरच्या खुणा गेल्यात. ते मी स्वतः टॉर्च लावून पाहिलं.

मिरजमार्ग | २० जानेवारी, दुपारी १:१५

तुमच्या मॅडम प्रामाणिकपणे मोजतात, त्यांना सोडू नका. अंतर पुरेसं कमी झाल्यावरही काही महिने जबडा त्याच जागी धरून ठेवावा लागेल, लगेच सोडला तर मागे सरकतो. सुळे आणि उपदाढा पूर्ण आल्यावर दुसरा टप्पा लागेल, आणि सगळं संपल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागेवर धरून ठेवणारं साधन. वाढ चालू आहे तोवर रिटेनरमध्ये कसूर नको.

ओसरी | ११ एप्रिल, रात्री १०:०५

डॉक्टर, एक छोटी शंका. परीक्षा संपल्या की मुलं महिनाभर आजोळी, गुहागरकडे जातात. तिथून नाशिकला फेरी शक्य नाही. साचे किती बरोबर द्यावेत? आणि आंबे-फणसाच्या दिवसांत काय करावं?

मिरजमार्ग | १२ एप्रिल, दुपारी १२:५०

चालू असलेला, त्याच्या आधीचा एक आणि महिन्याभरात लागतील तेवढे पुढचे, सगळे पाकिटात क्रमांक टाकून द्या. पुढचे साचे कधी बदलायचे हे तुमच्या मॅडमकडून तारखेसह लिहून घ्या. नवीन साचा नीट बसत नसेल, दाताच्या टोकाशी पोकळी दिसत असेल, तर पुढे जायचं नाही, आधीचाच घालून फोटो पाठवायचा. आंबे खाऊ द्या की मनसोक्त, साचे काढून, दिवसातून एकदाच बसून, आणि लगेच ब्रश. फणसाचे गरे चालतील. कडक चिक्की आणि सुपारी नको, बटणं निघतात. एखादं निघालंच तर घाबरू नका, परत आल्यावर लावता येतं.

ओसरी | १२ एप्रिल, रात्री ८:४०

पाकिटांवर तारखा घालून आईला फोनवर वाचूनही दाखवल्या. एक जास्तीची डबी घेतलीय, ती आजोळी देवघराशेजारच्या फळीवर राहील.